झालंय एक

— नाही, नका उठवू तिला, झोपू दे. गाडीत अडीच तास पोटाशी उशी धरून बसली होती, गचका बसला की डोळे मिटायची, पण आवाज म्हणून काढला नाही एकदाही. पडदा ओढलाय मी खिडकीचा. चहा नको हो, खरंच नको, गाडीवाला बाहेर थांबलाय, त्याला अर्धा तास सांगितलाय. तुम्ही बसा. बसा ना विहीणबाई, तुम्ही अशा उभ्या राहिलात तर मला बोलता येणार नाही, आणि बोलायचं तर आजच आहे. तिनंच बजावलंय. काल घरी सोडायचा कागद हातात पडला तेव्हा म्हणाली, आईला मी काही सांगणार नाही, तुम्ही सांगायचं, आणि गाळून नाही, सगळं सांगायचं. — आता तुमची लेक माझ्याशी सलग एवढं बोलली हेच कितीतरी महिन्यांनी, तर मी नाही कशी म्हणणार? म्हटलं, सांगते. रात्रभर मनात जुळवत होते, इथून सुरुवात करू, तिथून करू. आता काही आठवत नाही.

फोनवर मी तुम्हाला काय म्हटलं होतं? पोटाचं छोटं ऑपरेशन आहे, काळजी करू नका, यायची घाई करू नका. — छोटं नव्हतं ते. पोटातून केलं खरं, पण पोटाचं नव्हतं. तिचं अंग बाहेर येत होतं. हो. — हो, तेच, तुम्ही समजताय तेच. सव्विसाव्या वर्षी. नाही, नाही, थांबा, गर्भाची पिशवी काढलेली नाही! आहे. जागच्या जागी आहे, डॉक्टरबाईंनी वर ओढून बांधून दिलीय, मला स्क्रीनवर फोटो दाखवला त्यांनी, मला त्यातलं काय कळतंय म्हणा, सगळं लाल आणि पांढरं, पण त्या म्हणाल्या ही बघा, तर मी बघितलं. नका रडू, विहीणबाई. आत्ताच रडलात तर पुढचं कसं ऐकाल?

तीन वर्षं झाली ना बाळंतपणाला? तीन वर्षं दोन महिने. तुम्ही होतातच तिथे, तुम्हाला काय सांगायचं. दीड दिवस कळा, बाळ मोठं, अडकलेलं, ती नर्स पोटावर दाबतेय, आणि शेवटी ओढून काढलं तर — रडलंच नाही. आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही मला जिन्यात गाठून म्हणालात, महिनाभर नेते मी तिला, निजू दे नुसती. आठवतंय? मला आठवतंय. मी म्हटलं, तिकडे नुसती पडून राहील आणि छताकडे बघत बसेल, इथे चार माणसांत राहील, कामात मन रमेल. किती शहाण्यासारखं बोलले होते मी! तुम्हालाही पटलं होतं. तुमची ती हिरवी पिशवी खांद्याला लावून तुम्ही एकट्याच बसने परत गेलात. तर ते — म्हणजे ते अगदीच खोटं नव्हतं. मला वाटत होतंच तसं. पण त्याच महिन्यात आमच्या लाँड्रीला दोन नवी हॉटेलं मिळाली होती, आणि चादरी उचलायला माणूस नव्हतं. हेही होतं. पंधराव्या दिवशी ती खाली आली कामावर. मी बोलावलं नव्हतं. पण वर जा असंही म्हटलं नाही.

तुम्ही आमची लाँड्री पाहिलीय, पण कोरडी पाहिलीय, रविवारची. चालू असताना या एकदा. मशीनमधून चादरी निघतात त्या पाणी पिऊन निघतात, एकेका टबला दोन माणसं लागतात, आणि आमच्याकडे दोन माणसं कधी नसतातच, आमचे चिरंजीव गाडी घेऊन गठ्ठे पोचवायला गेलेले, मी इस्त्रीच्या रोलरवर, मग टब कोण उचलणार? तीच. मशीनपासून पिळायच्या मशीनपर्यंत सहा पावलं, तिथून रोलरपर्यंत दहा. दिवसातून चाळीस वेळा. अंग अजून ओलं, कच्चं, आणि मांडीवर मूल असतं तर निदान त्याला पाजायच्या निमित्तानं तरी बसली असती हो. रिकाम्या मांडीला कोण बस म्हणतंय?

आठ-नऊ महिन्यांनी एकदा दुपारी, मशीनं बंद होती, मी टॉवेल मोजत होते, तर जवळ येऊन उभी राहिली. उजव्या पायावर डावा पाय टाकून, अशी. म्हणाली, आई, काहीतरी खाली येतंय. लिंबाएवढं. चालताना लागतं. — विहीणबाई, सांगताना तिचे कान लाल झाले होते. किती दिवस मनाची तयारी केली असेल पोरीनं. आणि मी काय म्हणाले? मी टॉवेल मोजायची थांबले नाही. म्हटलं, असतं गं, बायकांना असतं. निजलं की आपोआप जातं आत, नाहीतर बोटानं वर सरकवायचं, कपडा घट्ट बांधायचा आणि कामाला लागायचं. त्याच्यासाठी काय डॉक्टरकडे पाय फाकवून पडायचंय? — असंच. ह्याच शब्दांत. ती म्हणाली, बरं. आणि रोलरकडे गेली.

मला कसं माहीत? काय कसं माहीत? — बोटानं सरकवायचं ते? ते असंच, ऐकलेलं असतं की बायकांचं बायकांत. कुणीतरी बोलतं. — ते राहू द्या, तुमच्या लेकीचं चाललंय.

दोन वर्षं अशीच गेली. मी बघत नव्हते असं नाही. दर अर्ध्या तासानं बाथरूमला पळायची, शिंकली की हात खाली जायचा, उभ्या उभ्या कमरेवर हात ठेवून वाकायची. आणि ते बघून वर मीच — हे गाळलं असतं मी, पण गाळायचं नाही म्हणालीय ती — वर मीच तिला विचारायचे, अगं दुसऱ्याचा विचार आहे की नाही? चारचौघांत विचारायचे. हसत. ती चादरीची घडी घालायची, कोपऱ्याला कोपरा असा जुळवायची की आमच्या गल्लीतल्या बायका तिला घडीवाली म्हणायच्या. तुमच्या जावयांना ठाऊक होतं की नाही? तो माझा मुलगा आहे, पण खरं सांगते, ठाऊक होतं आणि नव्हतं. तिनं त्याला जवळ येऊ देणं बंद केलं होतं, त्याला वाटत होतं, बाळाचं दुःख अजून गेलेलं नाही. एवढा उंच पुरुष, पण पुढे होऊन विचारायची छाती नाही. कुणाचा मुलगा, तर माझा.

मग ह्या वर्षाच्या सुरुवातीला एका सकाळी टब उचलला तिनं आणि तशीच खाली बसली. ओल्या फरशीवर. उठेच ना. मी हाताला धरून बाथरूममध्ये नेलं तर — सगळंच बाहेर आलेलं, लाल झालेलं, कपड्यानं घासून एका बाजूला जखम झाली होती. मी पाहिलं आणि मला... जाऊ दे. आमच्या चौकात एक डॉक्टर आहेत, म्हातारे, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी तपासलं, ती पडद्यामागे कपडे नीट करत होती, ते हात धुऊन येऊन बसले, मान खाली घालून लिहितायत आणि लिहिता लिहिता मला विचारलं, मुलं?

मी म्हटलं, झालंय एक.

— हो. असंच म्हटलं. झालंय एक. खोटं नव्हतं ना ते? झालं होतंच की. नऊ महिने पोटात होतं, तुम्ही-आम्ही त्याचं तोंड पाहिलंय. ते आता आहे का, हे त्यांनी विचारलं नाही; ते गेलं, हे मी सांगितलं नाही. ते म्हणाले, मग काढूनच टाकू, एकदाची कटकट नको, मंगळवारी या. मी म्हटलं, बरं. आणि पडद्यामागून ती आली तेव्हा तिला सांगितलं, शिवून देणार आहेत, साधंच आहे, चार दिवसांत हिंडू-फिरू लागशील. मुलालाही तेच सांगितलं. तो म्हणाला, तू बघ आई, मला त्यातलं कळत नाही.

का? तुम्ही विचारणारच. तिनंही विचारलं, डॉक्टरबाईंनीही एकदा बघितलं माझ्याकडे तसं. मी म्हटलं, तिची सुटका व्हावी म्हणून, पुन्हा दीड दिवस कळा नकोत, पुन्हा तसलं मूल नको. लोकांना पटतं ते. मलाही आवडतं ते. पण विहीणबाई, खरं ते नाही. — तुम्ही काही बोलू नका, नाहीतर मी इथेच थांबेन. — ती त्या दुपारी टॉवेलांपाशी येऊन बोलली ना, तेव्हा मला राग आला होता. कीव नाही आली, राग आला. मी तुमच्या जावयांच्या वेळच्या बाळंतपणापासून, म्हणजे एकतीस वर्षं, हे घेऊन हिंडतेय. एकतीस वर्षं कपडा बांधते. नवऱ्याला कळू दिलं नाही, तो गेला तरी त्याला ठाऊक नव्हतं. एकदा दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेले होते, आत पुरुष डॉक्टर बसलेला दिसला, तशीच भाजी घेऊन घरी आले. आणि ही कालची पोर, आठ महिन्यांत येऊन म्हणते, खाली येतंय! मला वाटलं, मी गप्प बसले, तुला काय झालं? तू कोण एवढी मोठी लागून गेलीस? — हे असं मनात आलं होतं माझ्या. टॉवेल मोजताना. त्रेपन्न झाले होते, आकडासुद्धा लक्षात आहे.

मला नव्हतं सांगायचं हे. हे तिलाही माहीत नाही. तिनं सगळं सांग म्हटलं ते तिचं सगळं, माझं नाही. तुम्ही मघाशी विचारलंत ना, कसं माहीत — तर असं माहीत.

मंगळवार. सांगते ना. सकाळी तिला तिथला तो हिरवा झगा घातला, पलंगावर बसवलं, आणि एक सिस्टर फॉर्म घेऊन आली. मुलं किती? तुमची लेक म्हणाली, एकही नाही. सिस्टर म्हणाली, इथे तर एक लिहिलंय. ती म्हणाली, ते राहिलं नाही. सिस्टरनं फॉर्म खाली केला. म्हणाली, अगं मग पिशवी का काढून घेतेयस एवढ्यात? — मी बाजूलाच उभी होते, हातात तिची साडी घेऊन. तिनं माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या हातातून साडी घेतली, पडद्यामागे जाऊन नेसली, चपला घातल्या आणि चालायला लागली. ऑपरेशनचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथून लाँड्री पाऊण तासाची वाट, मी मागून, हाका मारत. खाली शिरली आणि चादरी उचलायला लागली. मी म्हटलं, अगं नको, तर म्हणाली, का? असतंच ना बायकांना?

त्यानंतर एकोणीस दिवस बोलली नाही. वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडानं शब्द नाही. आणि विसाव्या दिवशी बोलली तेव्हा आई म्हणाली नाही. अहो म्हणाली. अहो, उद्या दहा वाजता माझ्याबरोबर यायचं. मी म्हटलं, कुठे? म्हणाली, ऐकायला.

ह्या डॉक्टरबाई तिनं कशा शोधल्या ठाऊक आहे? त्या सिस्टरला फोन करून. बघा. बाई माझ्या मुलाच्या वयाच्या असतील, केस बारीक कापलेले, टेबलावर कागद-बिगद काही नाही. त्यांनी खणातून एक मोजा काढला आणि मला म्हणाल्या, मावशी, हा उलटा होत होत बाहेर येतो ना, तसं झालंय हिचं. आता मोज्यांचं मला काय सांगायचं, दिवसाला शंभर सुलटे करते! पण मला तोंड वर करून हसता नाही आलं. म्हणाल्या, पिशवीत दोष काही नाही, तिला धरून ठेवणाऱ्या दोऱ्या सैल झाल्यात, दोरी तुटली म्हणून कपडा कोण फेकून देतं? मग एकेक सांगत गेल्या, तुमच्या लेकीकडे बघून, माझ्याकडे नाही. एक म्हणजे ऑपरेशन नकोच, आत रबरासारखी रिंग बसवायची आणि खालचे स्नायू आवळायचे व्यायाम, काहीजणी तेवढ्यावर मूल होईपर्यंत काढतात आणि मग निवांत ऑपरेशन करतात, तेही चांगलंच, कारण गरोदरपणात बांधलेलं पुन्हा सैल होऊ शकतं. दुसरं, खालूनच जाऊन पिशवीचं तोंड आतल्या हाडाजवळच्या दोरखंडासारख्या बंधाला टाके घालून अडकवायचं, पोटाला भोकसुद्धा नाही. आणखी एक जुनी पद्धत आहे म्हणे, लांबलेलं तोंड थोडं कापून बाजूच्या दोऱ्या समोर आणून बांधायच्या, पण त्यात तोंड आखूड होतं, मग गर्भ राहायला आणि टिकायला अडचण येऊ शकते, वेळेआधी होऊ शकतं, म्हणून मूल हवं असणाऱ्या बाईला त्या शक्यतो ते करत नाहीत. आणि शेवटचं हे, दुर्बिणीतून. पोटाला चार बारीक भोकं, आत जाळीची पट्टी, एक टोक पिशवीच्या तोंडापाशी आणि दुसरं पाठीच्या कण्याच्या खालच्या हाडाला. पट्टी जन्मभर आत राहणार, क्वचित कुणाला टोचते, त्रास देते. दिवस राहिले तर मूल पोट कापूनच काढावं लागणार. आणि एवढं करून खात्री नाही हं, म्हणाल्या — मूल होईलच याची नाही, पुन्हा उतरणार नाही याचीही नाही.

मी मध्येच म्हणाले, खात्री नाही तर मग एवढं कशाला? बाई काही बोलायच्या आत तुमची लेक बोलली. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, मला मूल होईल की नाही ते नंतर बघू. पण माझ्या पोटातलं काही काढायचं असेल तर ते मला विचारून काढा. — बाई म्हणाल्या, बरोबर. आमचे चिरंजीव कोपऱ्यात उभे होते, जाळीची पट्टी ऐकल्यापासून घामाघूम, ते एकदम पुढे आले आणि तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा पुढे आला तो. तेवढं एक चांगलं झालं.

आधी रिंग घेतली तिनं. तीन महिने. जखम भरली, व्यायाम केले, मी टबाला हात लावू दिला नाही, पण माझी पाठ वळली की उचलायचीच, सवय मीच लावलेली. रिंग निसटायला लागली. बाई म्हणाल्या दुसऱ्या मापाची बघू, तर हीच म्हणाली, नको, बांधून द्या. मागल्या आठवड्यात झालं. अडीच तास लागले, रक्त फारसं गेलं नाही, चौथ्या दिवशी जिना चढली. आता सहा आठवडे पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, खोकला आला तर पोट धरायचं, पोट साफ राहील असं बघायचं, कुंथायचं नाही. दिवस राहायचे ते सहा-आठ महिन्यांनंतर, बाई सांगतील तेव्हा. सगळं कागदावर लिहिलंय, औषधांच्या वेळासुद्धा, मीच लिहून घेतलंय, अक्षर वाईट आहे.

सहा आठवडे म्हणजे — तुम्ही ठेवाल तितके दिवस ठेवा. वर्षभर ठेवा. तुम्ही तेव्हा मागितले होते ते दिवस मी आज आणून दिलेत, उशिरा आणलेत, पण आणलेत. ती परत येणार की नाही हे मी विचारणार नाही. माझ्या मुलाला म्हटलंय, तू जा तिकडे, राहा, लाँड्रीचं मी बघते, दोन बायका ठेवल्यात मी टबाला. आधीच ठेवता आल्या असत्या. तेव्हाही आल्या असत्या.

झालं. एवढंच. आता बोला तुम्ही. जे काय बोलायचंय ते बोला, मी तयारीनं आलेय, गाडीत सगळं धरून ठेवलंय मनात, विहीणबाई हे म्हणतील, ते म्हणतील, म्हणू देत —

काय?

— मी? मी दाखवलं का? कुणाला दाखवायचं? — नाही. नाही दाखवलं. त्या बाईंना? त्यांच्या समोर बसले होते की इतके वेळा, जीभ नाही उचलली. आता ह्या वयात काय... नाही हो, असं नका विचारू मला. तुम्ही रागवा. शिव्या द्या, हाकलून लावा, त्याला मी उत्तर देऊ शकते. ह्याला काय देऊ? — सोडा हात. सोडा, विहीणबाई, मी रडले तर आवाज होईल आणि ती उठेल, आणि तिच्यासमोर मला रडायचं नाहीये, तेवढा हक्क नाही माझा. — गुरुवारी बसतात त्या, गुरुवारी आणि शनिवारी. पण तुम्ही कशाला येताय माझ्याबरोबर? — नको. बघू. मला नाही सांगता येत आत्ता.

गाडीवाला हॉर्न देतोय. कागद टेबलावर ठेवलाय, गोळ्यांच्या पुडीखाली. निघते मी. नाही, दारापर्यंत नका येऊ. नका येऊ म्हटलं ना — आत जा तिच्यापाशी.